चकणा

अक्कू म्हणाली, तिकडे ग्रनाडात
पेल्यासोबत बशी फुकट येते.
ऑलिव्हची चार फळं, माशाचा तुकडा, कधी नुसता पाव.
उभ्यानं खायचं, उभ्यानंच बोलायचं,
मग पुढचं दुकान.
सत्तरीच्या बायका लिपस्टिक लावून येतात, आई,
घरी कोण आहे असं कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, फुकट बशी आपल्याकडंही येते.
तिला खरं वाटेना.

म्हणून शनिवारी दिवेलागणीला
गोलाईला वळसा घातला.
सोळा रस्ते फुटतात तिथून.
पंधरांवरून मी भांडी, बस्ते, वह्या-पुस्तकं वाहिली.
सोळाव्यावर फक्त दारापर्यंत गेलेली,
आठ वर्षांची, परकर मुठीत धरून:
अप्पा, जेवायला चला.
उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, ही आईची ताकीद.

गल्ली तीच, दिवे मात्र जांभळे झालेत.
तव्यावर अंडी, पायाखाली फिनेल,
सोयाबीनचा भाव दर टेबलावर वेगळा.
क्लासचे दोन मास्तर, एक भौतिकवाला, एक रसायनवाला,
एकाच पापडावरून भांडायलेत.
पहिल्या दारातला पोऱ्या म्हणाला,
"फॅमिली रूम वरी हाय. एसी हाय."
अक्कू म्हणाली, "आम्ही फॅमिली नाही, गिऱ्हाईक आहोत."
त्यानं मालकाकडं पाहिलं. मालकानं टीव्हीकडं.
शेवटी एक स्टूल पुसून आणलं.
उभ्यानंच खाणार म्हटल्यावर
त्याच फडक्यानं स्वतःचा घाम पुसला.

तिथं मसाला पापड. पलीकडं उकडलेल्या शेंगा.
तिसरीकडं हिरव्या मिरचीत परतलेले हरभरे,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
अक्कूची बियर, माझा लिंबू-सोडा,
आणि तिच्या ग्लासातला एक घोट.
कडू.
एवढ्यासाठी, अप्पा?

चौथ्या दारात व्यंकट.
चष्म्याला दोरा, केस पार गेलेले.
"मन्मथअप्पा मापाड्याची लेक ना तू?
दारात हुबी ऱ्हायाचीस. नाक वाहायचं."
मी हसले. अक्कूला सांगू लागले,
अप्पा रोज पुडी आणायचे,
आडतीच्या पावतीत बांधलेली:
खारे दाणे, कांदा, वर लिंबू.
आम्ही तिघी बहिणी मोजून वाटून घ्यायचो.
मापाड्याच्या पोरी, दाणा इकडचा तिकडं नाही.

"हां, पुडी," व्यंकट म्हणाला,
खांद्यावरचं फडकं झटकत, अगदी सहज,
"लोकं उठून गेली की बशीत ऱ्हायलेलं
गोळा करायचे अप्पा. कागद मीच धरायचो.
मालकाला कधी कळू दिलं न्हाई."

आपण केलेला उपकार तो सांगत होता.
त्याला थांबवणार तरी कसं?

उष्टं.
आमच्या घरी तांब्या ओठाला लावायचा नाही.
गळ्यात लिंग, कपाळाला भस्म,
आणि जिभेवर कुणा ट्रकवाल्याच्या,
कुणा हमालाच्या बशीतला दाणा.
पन्नास वर्षांत तशी चव
कुठल्या दाण्याला आली नाही.

अक्कू विचारतेय, काय झालं?
काय सांगू?
तिला या शब्दाचा काटा टोचत नाही.
तिकडे एका बशीत सहा जणांचे काटे.
आणि अप्पांचा काटा,
ज्याच्यावर अख्ख्या आडतीचा भरवसा,
रोज रात्री कशाचं वजन करत असेल?

शेजारच्या टेबलावरचा पोरगा उठला,
गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरलेला.
बशी आमच्याकडं सरकवून म्हणाला,
"काकू, घ्या की. आमचं झालंय, वाया जाईल."
अर्धे दाणे उरलेले, पिळून टाकलेली फोड,
कडेला बोटाचा तिखट ठसा.

मी व्यंकटला म्हटलं, एखादी पावती आहे का?
"आता समदं मोबाईलवर," तो म्हणाला, "कागूद कुठला?"

मग तिथंच, उभ्यानं.
बारा मोजले, तेरावा हातून निसटला,
चौदाव्याला अक्कू म्हणाली,
आई, माझा वाटा?